मुळांत अडलेली गोडी

उजी, २० जानेवारी

चिनात्सु,

इथे थंडी अशी पडली आहे की अंगणातली बादली उलटी केली तरी पाणी सांडत नाही. तुम्ही सेंदाईत बर्फातच राहता, तेव्हा तुला हे सांगून उपयोग नाही. पण पत्राच्या सुरुवातीला हवामान लिहायचं असतं. तुझ्या नव्या वर्षाच्या पत्रात ते नव्हतं. तुझ्या बापाने तुला एवढंही शिकवलं नाही याचं मला नवल वाटत नाही.

फोन करत जाऊ नकोस. माझ्या डाव्या कानात आता नुसता भुंगा असतो आणि उजव्याला तुझं पुटपुटणं कळत नाही. परवा तू काय बोललीस ते मला अजून ठाऊक नाही, मी सगळ्याला 'हो हो' म्हटलं. पत्र बरं, चष्मा लावला की झालं.

आता कामाचं. सोबत एक कागद आहे, त्यावर तुझा सहीचा शिक्का हवा. नदीजवळचा खालचा मळा तुझ्या बापाच्या वाटणीचा, म्हणजे तामोत्सु गेल्यापासून तुझा. कसते मी, पण मालकीण तू. तो मळा मी उपटून टाकायचं ठरवलं आहे.

तामोत्सु गेल्यावर तीन वसंत झाले. तिन्ही वेळा खालच्या मळ्याचा चहा पातळ आणि तुरट निघाला. व्यापारी पेला नाकाशी नेतो, घोट जिभेवर घोळवतो आणि म्हणतो, "बरा आहे." आमच्या धंद्यात 'बरा आहे' म्हणजे थुंकायचाच तेवढा राहिला. मी दोन्ही मळ्यांत भेदभाव केलेला नाही. एकच खत, वर सावलीला त्याच बोरूच्या चटया, तोच भाताचा पेंढा, खुडणीसुद्धा एकाच दिवशी. वरचा मळा गोड येतो आणि खालचा तुरट, म्हणजे दोष झुडपांचाच. वरच्या मळ्यात कलमं आहेत, सगळी एका आईची लेकरं. खालची झुडपं माझ्या वडिलांनी ऐंशी वर्षांपूर्वी बिया पेरून लावलेली. त्यातलं एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही.

यंत्रवाला मे महिन्यात मोकळा आहे. जुनी झुडपं काढायची आणि नवी कलमं लावायची. त्यांचं पहिलं चांगलं पीक येईल तेव्हा मी सत्त्याहत्तरची असेन. एप्रिल संपायच्या आत शिक्का मारून पाठव.

वाईट वाटत नाही असं लिहिणार होते, पण वाटतं. वडिलांनी त्या बिया ओंजळीतून माझ्या हातात दिल्या होत्या असं आई सांगायची. ते खोटं आहे, माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी मला ते आठवतं.

किनुए आत्या

सेंदाई, ३ फेब्रुवारी

आत्या,

हवामान: बर्फ. काल बर्फ, उद्या बर्फ. झालं समाधान?

आज दाणे फेकून भुतं हाकलायचा दिवस. आमच्या प्रयोगशाळेत दाणे फेकायला मनाई आहे, कुठल्या तरी यंत्रात जातील म्हणून. तेव्हा मी एक मूठ गुपचूप खिडकीबाहेर फेकली, एक तुझ्या नावाने.

कागद मिळाला. शिक्का मारायचा की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही, रागावू नकोस. एप्रिलपर्यंत वेळ आहे असं तूच लिहिलं आहेस. त्याआधी मला एक गोष्ट करून दे. दोन्ही मळ्यांतल्या चार-चार झुडपांच्या बारीक पांढऱ्या मुळ्या पाठव. वेगवेगळ्या बांध, चिठ्ठ्या लाव आणि ताज्या राहतील असं बघ.

कशाला, ते सांगते. मी इथे नक्की काय करते असं तू मला चार वर्षं विचारते आहेस. चहाला जी गोडी असते ती थिॲनिन नावाच्या पदार्थाची. ती पानात तयार होत नाही. ती मुळात तयार होते, थंडीभर मुळात पडून राहते आणि वसंतात कोंब फुटले की वर चढते. आता गंमत अशी, की प्रत्येक पेशीभोवती एक तेलकट पापुद्रा असतो. थिॲनिन अमाइड जातीचं. त्याचं पाण्याशी सख्य आणि तेलाशी वाकडं. आपण होऊन ते त्या पापुद्र्यातून पार होत नाही. म्हणून पापुद्र्यात दारं असतात आणि दारातच उभे असतात ते हाकोबिया, म्हणजे माल वाहून नेणारे. ते माल उचलून पलीकडे पोचवतात. मुळाच्या पेशीतून बाहेर, मग रसाबरोबर वर, मग पानाच्या पेशीत आत. प्रत्येक दारावर हाकोबिया.

गेली सहा वर्षं मी या हाकोबियांच्याच मागे आहे. ते कुठे लपतात, कधी माल हलवतात, कोणाचा माल आधी घेतात. एकदा का ते नीट हाताशी लागले की माझं आयुष्य मार्गी लागेल.

मुळ्या लवकर पाठव.

चिनात्सु

उजी, १७ फेब्रुवारी

चिनात्सु,

आलुबुखाराच्या फांद्यांवर कळ्या धरल्या आहेत, पण वारा अजून कान कापतो. हे झालं हवामान. तुझं मागचं हवामान मी मोजत नाही.

तू माझी गावात अब्रू घालवलीस. शेजारची हात्सुए परवा गाजराचं लोणचं द्यायला आली. तुझं पत्र टेबलावर होतं. ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही, तिची नजर फक्त त्यांवर पडते आणि मग हलत नाही. टीव्हीवर 'हाकोबिया' म्हटलं की विमानतळावर पोटात पुड्या लपवून आणणारे लोक दाखवतात, हे तुला ठाऊक नाही काय? दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीतले निशिवाकी दारात. टोपी हातात, आवाज मऊ.

"आजी, भाची सेंदाईला असते ना तुमची?"

"असते."

"कोणी तिला बॅग वगैरे न्यायला सांगतं का?"

"स्वतःची छत्री विसरते ती. तिला बॅग कोण देईल?"

मी त्यांच्यासमोर पत्र ठेवलं. त्यांनी ते तीनदा वाचलं. मग म्हणाले, "आजी, हे थिॲनिन नक्की कशात असतं?" मी म्हटलं, "तुमच्या हातातल्या पेल्यात." बिचाऱ्याने पेला खाली ठेवला. नंतर सगळं समजावल्यावर त्याने अजून दोन पेले घेतले आणि लोणचंही संपवलं. पण हात्सुए अजून बाजारात सांगते की 'तसं काही नव्हतं म्हणे', आणि ते 'म्हणे' ती फार लांबवते.

मुळ्या सोबत आहेत. ताज्या राहतील असं बघ, असं तू मला लिहिलंस. मला! चहाच्या घरात जन्मलेल्या माणसाला ताजं राखायला शिकवू नये. पान खुडलं की त्याच घडीला त्याला वाफ द्यावी लागते, नाहीतर ते आतल्या आत बिघडायला लागतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी बांधावरच शेगडी मांडली. मुळी उपटली, झऱ्याच्या पाण्यात धुतली आणि लगेच वाफेवर धरली. तीस श्वास मोजून, एकही जास्त नाही. मग सावलीत वाळवून कागदात बांधली. कंबर मोडली. पांढऱ्या दोऱ्याच्या वरच्या मळ्यातल्या, निळ्या दोऱ्याच्या खालच्या.

आता शिक्का मार.

किनुए आत्या

सेंदाई, ६ मार्च

आत्या,

इथे दुपारी छपरावरचं बर्फ वितळून थेंब थेंब गळायला लागलं आहे. बघ, शिकले.

आत्या, मुळ्या शिजल्या ग!

पुडकं उघडलं आणि आम्ही तिघं खाली बसून हसलो. मला जिवंत मुळ्या हव्या होत्या. वाफ दिली की पेशी मरते आणि मेलेल्या पेशीची दारं मोजता येत नाहीत. सगळ्या जगात मुळ्या उकडून पाठवणारं गाव एकच असेल.

पण आमचे सर म्हणाले, फेकू नका. वाफेने दारं मोडली, पण थिॲनिनला धक्का लागला नाही. उलट कच्च्या मुळ्या टपालात दोन दिवस राहिल्या असत्या तर त्यातलं थिॲनिन कमी-जास्त झालं असतं. तू बांधावरच वाफ दिलीस म्हणून ज्या घडीला मुळी उपटली त्या घडीला तिच्यात जेवढी गोडी होती, तेवढी जशीच्या तशी आमच्या हातात आली. इतका चोख नमुना आम्हालाही जमला नसता. सर म्हणाले, तुझ्या आत्याला इथे नोकरीला बोलाव.

आणि काय निघालं ते नीट वाच, दोनदा वाच. खालच्या मळ्याच्या मुळ्यांत वरच्या मळ्यापेक्षा जास्त थिॲनिन आहे. जवळजवळ दीडपट.

म्हणजे झुडपं नापास नाहीत, आत्या. गोडी करतात, पोटभर करतात. ती पानापर्यंत पोचत नाही एवढंच. कुठेतरी दारात अडली आहे. तू उपटायला निघाली आहेस ते गोडीचं कोठार आहे.

आता जिवंत मुळ्या लागतील. एप्रिलच्या मध्यावर, कोंब डोकं वर काढतात तेव्हाच्या. मी बर्फाच्या पिशव्या घातलेली पेटी पाठवते. मुळ्या उपटून ओल्या कापडात गुंडाळ आणि पेटीत ठेव. शेगडीला हात लावू नकोस!

आणि अजून एक. बाबा असताना खालच्या मळ्याचा चहा गोड असायचा ना? ते तो मळा कसा करायचे, सगळं लिही. क्षुल्लक वाटलं तरी लिही.

चिनात्सु

उजी, २२ मार्च

चिनात्सु,

हिगानचे, पितरांना पाणी घालायचे दिवस आहेत. 'थंडी-ऊन दोन्ही हिगानपर्यंत' म्हणतात तसंच झालं, काल एकदम हवा मऊ झाली.

तिघं बसून हसलात ते वाचलं. माझी कंबर अजून दुखते आहे. पण दीडपट हा शब्द मी दोनदा नाही, पाचदा वाचला. निशिवाकींनाही वाचून दाखवला. त्यांनी टोपी काढली.

तुझा बाप मळा कसा करायचा म्हणून विचारतेस. कसा करणार? आळशासारखा. एक मे आला की सगळं खोरं पहाटे उठून खुडणीला लागतं. तो पायरीवर बसून विडी ओढायचा. आज पोटात दुखतंय, आज ढग आलेत, आज दिवस चांगला नाही. माझा वरचा मळा खुडून, वाफवून, वाळवून व्हायचा तरी याचा मुहूर्त लागायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "ताई, झुडपं झोपलीत अजून." मी म्हणायचे, "झोपलायस तू." खुडणाऱ्या बायका आपापल्या भाताच्या रोपांकडे निघून गेल्या, की मग दहा-बारा दिवसांनी हा दोन म्हाताऱ्यांना घेऊन खालच्या मळ्यात शिरायचा. मला गावात तोंड दाखवायची लाज वाटायची. लोक हसून विचारायचे, तामोत्सु उठला का?

तो गेल्यावर पहिली गोष्ट मी ती सुधारली. दोन्ही मळे एकाच दिवशी खुडायचे, तीन मे, बायका हजर, भट्टी तयार. एक तरी गोष्ट या घरात आता वेळेवर होते. बाकी त्याने काही वेगळं केलेलं मला ठाऊक नाही. खत मीच द्यायचे.

काल त्याच्या समाधीवर पाणी घातलं, गोड भाताचे लाडू ठेवले. तुझी झुडपं जाणार म्हणून सांगूनही आले. यंत्रवाल्याला बारा मे दिली आहे. मुळ्या पाठवीन, तू मागितल्यास म्हणून. पण कोठार भरलेलं असून दार उघडत नसेल तर ते कोठार काय चाटायचं आहे?

किनुए आत्या

सेंदाई, २४ एप्रिल

आत्या,

चेरी इथे आत्ता कुठे फुलली. हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवते आहे, हवामान पुढच्या वेळी जास्त लिहीन.

मुळ्या उत्तम पोचल्या, जिवंत. दारं मोजली. वरच्या मळ्याच्या मुळ्यांत दारं खच्चून भरली आहेत, सगळे हाकोबिया कामावर आणि माल निम्म्याहून अधिक वर गेलेला. वरच्या मळ्यात जिथे दहा दारं आहेत, तिथे खालच्या मळ्यात जेमतेम दोन. माल सगळा मुळातच.

दारं नाहीत असं नाही. ती अजून बनायची आहेत. खालचा मळा नदीकाठी, खोऱ्यातली थंडी तिथे साचते, माती उशिरा तापते. आणि तुझ्या वडिलांची ही बियांची झुडपं मुळातच सावकाश उठणारी. कोंब वरच्या मळ्याबरोबरच दिसतो, म्हणून फसायला होतं. पण कोंब आला तरी मुळातली गोडी त्याच्यापर्यंत पोचायला दहा-बारा दिवस जास्त लागतात.

दहा-बारा दिवस, आत्या. तुझं मागचं पत्र काढून बघ.

बाबा आळशी नव्हते. म्हणजे असतीलही, भांडी कधी घासली नाहीत त्यांनी. पण झुडपांच्या बाबतीत नव्हते. ते वाट बघत होते.

म्हणून पाया पडून सांगते, तीन मेला खालचा मळा खुडू नकोस. चटया-पेंढा तसाच ठेव, सावली मोडली तर पानात आलेली गोडी उन्हाने तुरट होते, हे तुला मी काय सांगणार. बारा दिवस थांब आणि यंत्रवाल्याला पुढची तारीख दे. मी एकाच एप्रिलच्या मुळ्या मोजल्या आहेत, माझं चुकूही शकतं. पण चुकलं तर बारा दिवस जातील, आणि उपटलं तर ऐंशी वर्षं.

कागदावर शिक्का मारला आहे, सोबत आहे. तो अडवून धरून तुला थांबवायचं मला पटेना. मळा तू कसलास, ठरव तूच.

चिनात्सु

उजी, २९ एप्रिल

चिनात्सु,

ऊन आहे.

कागद मिळाला. शिक्का वाकडा मारला आहेस, पण चालेल.

म्हणजे तीन वर्षं चूक माझी, असंच ना? साप समजून मी भुई धोपटत बसले आणि आता तू सेंदाईत बसून मला सांगतेस. बायका तीन मेला येणार आहेत, सतरा जणी. भट्टीचा दिवस ठरला आहे. आमच्याकडे पान माणसासाठी थांबत नाही, माणसं पानासाठी धावतात. साठ खुडण्या या हातांनी केल्या आहेत. तू पुस्तकातली, मी मळ्यातली.

ठरलं आहे तसंच होईल. आता याविषयी लिहू नकोस.

किनुए

सेंदाई, ११ मे

आत्या,

इथे दोन दिवस पाऊस आहे, बारीक आणि उबदार.

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते. उद्या बारा तारीख. यंत्र येईल आणि संध्याकाळपर्यंत खालचा मळा सपाट होईल. मी भांडायला लिहीत नाही. माझं पत्र पुन्हा आठवलं आणि लाज वाटली. 'तुझं मागचं पत्र काढून बघ' असं मी तुला लिहिलं, जणू परीक्षेत कॉपी पकडली. ज्या आत्याने मला झुडपाखाली बसवून भात भरवला तिच्याशी असं बोलायचं नसतं.

एक गोष्ट सांगते, उगीच. आमच्याकडे एक उपाशी यीस्ट असतं. होय, साके दारू करतात त्याच कुळातलं. त्याची स्वतःची दारं आम्ही काढून टाकलेली असतात, त्यामुळे समोर थिॲनिन ठेवलं तरी त्याला आत घेता येत नाही. मी त्यात खालच्या मळ्याच्या मुळांतल्या एका दाराचा नकाशा घातला. पाच दिवस काही नाही. परवा सकाळी मोजलं तर ते थिॲनिन आत ओढत होतं, हावऱ्यासारखं. दार खरं आहे, आत्या. चालतं. डबीवर मी निळा दोरा बांधला आहे.

उद्यानंतर ती झुडपं नसतील, पण त्यांचं एक दार इथे उघडत-मिटत राहील. मला त्याने बरं वाटतं आहे. तुलाही थोडं वाटावं म्हणून लिहिलं.

तब्येत सांभाळ. जमलं तर दोन ओळी पाठव.

चिनात्सु

उजी, ३० मे

चिनात्सु,

खाचरांत पाणी सोडलं आहे आणि बेडूक इतके ओरडतात की माझ्या भुंग्यालाही ऐकू येत नाहीसं झालं आहे. उकाडा सुरू झाला. पत्राला उशीर झाला, पण तो मुद्दाम केला. हातात काही ठोस आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

तीन मेला वरचा मळा दुपारपर्यंत खुडून झाला. बायका टोपल्या घेऊन खाली आल्या, ओळीने उभ्या राहिल्या. मी चटईखाली शिरले. आत कसं असतं तुला ठाऊक आहे, हिरवा अंधार आणि समुद्राच्या शेवाळासारखा वास. वरच्या मळ्यात तो वास गच्च होता. इथे नव्हता. मी साठ वर्षं नाक घेऊन फिरते आहे आणि तीन वर्षं मी त्या मळ्यात शिरताना कधी श्वास घेतला नाही, घड्याळ बघितलं. एक कोंब तोडून चावला. गवत. नुसतं गवत.

हात्सुए मागून ओरडली, "सुरू करायचं का?"

मी म्हटलं, "झुडपं झोपलीत अजून."

तोंडातून निघून गेलं ग. सतरा जणी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांतली एक म्हातारी फिसकन हसली आणि म्हणाली, "तामोत्सु उठला वाटतं." मी त्या सगळ्यांना घरी पाठवलं. तुला कळवलं नाही, कारण चार दिवसांपूर्वीच मी तुला साठ खुडण्यांचा तोरा ऐकवला होता. तो इतक्या लवकर कसा गिळायचा? शिवाय तू म्हणतेस तसं चुकलं असतं, तर निदान एकटीचंच चुकू दे असं वाटलं.

मग रोज सकाळी खाली जायचं, एक कोंब चावायचा आणि परत यायचं. चौथ्या दिवशी गवत. सहाव्या दिवशी गवत. सातव्या दिवशी मी तुला मनात खूप बोलले, ते लिहीत नाही. नवव्या दिवशी, म्हणजे बारा तारखेला, यंत्रवाला आला तो त्याचं पिवळं धूड घेऊनच. मी त्याला म्हटलं, थांब, आजचा कोंब अजून चावलेला नाही. तो बांधावर उभा राहिला. मी चटईखाली गेले. वास आला, चिनात्सु. आत पाऊल टाकल्याबरोबर आला. कोंब चावला आणि जिभेवर गोडी पसरली. मी तिथेच, वरून खाली पडलेल्या पेंढ्यावर बसले आणि रडले, मोठ्याने. माझं मलाच ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने ते कळलं नाही. यंत्रवाला धावत आत आला, मला साप चावला असं वाटून. त्यालाही एक कोंब दिला. त्याने यंत्र वळवून नेलं.

अजून दोन दिवस थांबले आणि चौदा तारखेला खुडलं. बायका भातात गुंतलेल्या. मी, हात्सुए आणि तिच्या दोन जावा, चौघींचं वय मिळून तीनशेच्या वर. निशिवाकी सुट्टी काढून टोपल्या उचलायला आले. भट्टीवाल्याने भट्टी पुसून झाकून ठेवली होती. तो तोंडातल्या तोंडात पुष्कळ बोलला, पण मला बहिरेपणाचा फायदा आहे.

व्यापारी आला. मी काही सांगितलं नाही, नुसता पेला पुढे केला. त्याने घोट घेतला आणि 'बरा आहे' म्हणाला नाही. पुन्हा ओतून घेतला. मग म्हणाला, "हा तामोत्सु-सानचा चहा. चार वर्षांनी प्यायलो. मला वाटलं होतं, तो गेला आणि चहाही गेला."

मी म्हटलं, "त्याच्या मुलीने शोधून काढला." तुझं नाव त्याने लिहून घेतलं आहे. हाकोबियांचं मी सांगितलं नाही.

समाधीवर जाऊन तामोत्सुची क्षमा मागितली. त्याने मला कधी नीट समजावलं नाही हे खरं, पण समजावलं असतं तरी मी ऐकलं नसतं. तेव्हा माझे दोन्ही कान शाबूत होते. त्याला आळशी म्हणताना मला मजा यायची, चिनात्सु. हे कोणाला सांगायचं नव्हतं, तुला सांगते. तो हसायचा आणि मला वाटायचं, याला काही लागतच नाही. लागत असणार.

तुझं अकरा तारखेचं पत्र मी त्या पेंढ्यावर रडले त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. निळ्या दोऱ्याची डबी सांभाळ. पण झुडपं इथे आहेत, सगळी आहेत. तुझ्या शिक्क्याचा कागद भट्टीत गेला.

आता एक ठरवलं आहे, ते ऐक. दोन मळे एकत्र माझ्याने होत नाहीत. या वर्षी तर हात दोन दिवस उघडत नव्हते. खोऱ्यात मुराओ नावाचं एक तरुण जोडपं आलं आहे, शहरातली नोकरी सोडून. त्यांना चहा करायचा आहे आणि जमीन नाही. एक मळा मी त्यांना कसायला देते आहे. हात्सुएने विचारलं, खालचाच देणार ना, तो कटकटीचा? निशिवाकींनाही तसंच वाटलं. मुराओंनाही.

मी त्यांना वरचा दिला. सगळ्यात चांगला, दरवर्षी वेळेवर येणारा, गोड. हात्सुए म्हणते मला वेड लागलं. पण तो मळा कोणालाही जमतो. धावता येणारी माणसं असली की झालं, आणि त्या दोघांना धावता येतं. खालच्या मळ्याला थांबणारं माणूस लागतं. मी बहात्तर वर्षांची आहे, पळणं संपलं, ऐकणं संपलं. थांबणं मात्र मला या वसंतात पहिल्यांदाच आलं, आणि आलं तसं ते मला आवडलं. तो मळा मी कोणाला देणार नाही.

किनुए आत्या